द्वारकाबाईंनी मोडलेला सौदा

बडोद्यात द्वारकाबाई नर्सना सगळे नुसते ‘बाई’ म्हणत. समोर मीही ‘बाई’च म्हणत असे. मागे काय म्हणत असे ते इथे लिहिण्यासारखे नाही. त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. गेलेल्या माणसाविषयी वाईट लिहू नये असे सुशिक्षित लोक मानतात, आणि मी चार इयत्ता शिकलेली असल्यामुळे मलाही ते पटते. पण माझे त्यांच्याशी एक भांडण शिल्लक आहे. ते भांडायला समोर माणूस उरला नाही, म्हणून कागदावर भांडते आहे. वाचणाऱ्यांनी न्याय करावा. माझ्या बाजूने केला तर उत्तम.

आमची ओळख झाली तेव्हा मी बोहारीण होते. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दारोदार फिरायचे, जुनी लुगडी घ्यायची आणि त्यांच्या बदल्यात तांब्या, तपेली, परात द्यायची. मांडवीतून सकाळी निघाले की ऊन चढायच्या आत मांजलपूर गावापर्यंत जाऊन येत असे. पुढे मांडवीजवळ माझे स्वतःचे भांड्यांचे दुकान झाले, ते त्याच पाटीतून झाले. कुणी हात दिला नाही. महाराजांनी शाळा सक्तीची केली होती आणि माझी आई दंडाला भीत होती, म्हणून लिहिता-वाचता आले, एवढेच काय ते मला फुकट मिळालेले. भाव करण्यात मला हरवणारी बाई बडोद्यात नव्हती. सरदारांच्या घरच्या बायका माझी हाक ऐकली की जरीचे काठ आधी आत ठेवत आणि मगच दार उघडत.

जनाना दवाखान्याच्या मागे नर्सांच्या खोल्या होत्या. तिथे एका दुपारी द्वारकाबाई दारात उभ्या होत्या. उंच, काटकुळ्या, पांढरे नऊवारी लुगडे, खांद्यावर पिनेने अडकवलेले घड्याळ आणि पायांत पुरुषी बूट. अंगाला दवाखान्यातल्या औषधी साबणाचा वास. त्यांनी दोन लुगडी पुढे टाकली आणि पाटीतली एक तपेली उचलली. तपेली पाण्याने भरली, पायरीवर ठेवली आणि म्हणाल्या, “हिला पाझर आहे.”

“नाही हो बाई! नवी कोरी आहे. देवाशपथ.”

त्या गप्प.

“पाहा ना, कुठे ओल दिसते का?”

त्या गप्प. तपेलीकडे पाहत बसल्या. मीही बसले. जरा वेळाने मीच म्हणाले, “बरं, एका लुगड्यावर घ्या.” तरी गप्प. मला घाम फुटू लागला. मी वर एक पळी ठेवली. मग त्या उठल्या, एक लुगडे, तपेली आणि पळी उचलून आत गेल्या आणि दार लावून घेतले. मी दवाखान्याचा कोपरा ओलांडला तेव्हा लक्षात आले की सबंध सौद्यात बाई फक्त तीन शब्द बोलल्या होत्या, आणि तेही खोटे. तपेलीला पाझर नव्हता.

गिऱ्हाईक कबूल तरी होते किंवा उठून तरी जाते, हे माझे शास्त्र. ही बाई दोन्ही करत नसे. बोलायचे ते बोलून थांबायची आणि समोरच्याला त्या शांततेत एकटे सोडून द्यायची. समोरचा घाबरून काहीतरी देऊन टाके. पुढे मी हीच युक्ती दुकानात वापरून पाहिली. दोन मिनिटांवर मला जमली नाही.

बाईंचे आधीचे आयुष्य मला ठाऊक नाही. लहानपणी विधवा झाल्या, भावाने शिकायला पाठवले, एवढे जीवीबेन सांगे. जीवीबेन म्हणजे त्यांच्या वॉर्डातली आया. ती बाईंबद्दल सगळ्यांना सगळे सांगे आणि बाई स्वतःबद्दल कुणाला काही सांगत नसत, त्यामुळे हिशेब बरोबर राहत असे.

बाईंचा दरारा बाळंतिणींवर कमी आणि त्यांच्या सासवांवर जास्त. पदराला कात्री बांधलेली असे. बाळंतिणीजवळ येणाऱ्या प्रत्येक बाईचे हात त्या उलटे करून पाहत आणि नखे वाढलेली असली तर तिथल्या तिथे कापत. मग ती सुईण असो, आई असो, नाहीतर बग्गीतून आलेली मामंजींची बहीण असो. “बाई, ही सोन्याच्या पाटल्या घालणारी माणसं आहेत,” असे कुणीतरी एकदा दबकत सांगितले. बाई म्हणाल्या, “पाटल्या राहू देत. नखं द्या.”

एका सरदारांच्या घरची गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे, कारण त्या दिवशी मी त्यांच्याच मागच्या दाराशी पाटी मांडून बसले होते. सून अडली होती. बाईंना आणायला बग्गी गेली. बाळंतिणीची खोली म्हणजे तेव्हा काय असे ते आताच्या मुलींना सांगून खरे वाटणार नाही. खिडक्यांना गोणपाट ठोकलेले, आत शेगडी धगधगलेली, शेपा-ओव्याचा धूर, आणि त्या धुरात सात बायका एकीला धीर देत बसलेल्या. बाई दारातून आत डोकावल्या आणि परत फिरल्या. बग्गीत जाऊन बसल्या. बंडीच्या खिशातून शेंगदाणे काढले आणि खाऊ लागल्या.

सरदारांच्या आईसाहेब स्वतः बाहेर आल्या. “हे काय? आत बाळंतीण तळमळते आहे!”

“हो. मलाही तिथे तळमळायला झालं. शेगडी बाहेर काढा. खिडकी उघडा.”

“रस्त्याकडची खिडकी? आमच्या घरात ती कधी उघडत नाहीत.”

बाईंनी आणखी एक शेंगदाणा सोलला. आईसाहेब रीत सांगत होत्या, वारा बाधतो म्हणत होत्या, महाराजांच्या कानावर घालीन म्हणत होत्या. महाराज तेव्हा विलायतेत होते. बाई शेंगदाणे खात होत्या. अखेर वरून गोणपाट फाटल्याचा आवाज आला. बाई टरफले झाडून उठल्या. तासाभरात नातू झाला आणि आईसाहेबांनी गावभर सांगितले की खिडकी उघडायची कल्पना मूळची त्यांचीच.

हे सगळे मी कौतुकाने पाहत असे. दुसऱ्याला जेरीस आणलेले पाहायला कुणाला आवडत नाही?

आता माझे.

माझी पहिली मुलगी पोटात आडवी झाली. दोन दिवस अडले, मग मोठ्या डॉक्टरांनी पोट उघडून तिला काढले. हे डॉक्टर विलायतेहून शिकून आलेले. हात चांगला, जीभ वाईट. त्यांचे म्हणणे असे की एकदा पोट उघडले की पुढचे प्रत्येक मूल त्याच दाराने येणार. दुसरा मुलगा सरळ होता, डोके खाली होते, तरी त्यांनी मला दिवस भरताच टेबलावर घेतले. त्या वेळी जखम पिकली. तीन महिने मी आडवी होते. माझे यजमान सरकारी छापखान्यात खिळे जुळवत. गरीब माणूस. ते सकाळी दोन्ही पोरांना आंघोळ घालून कामावर जात आणि शेजारीण दुपारी थोरलीला भात भरवी. दुकान नुकतेच मांडले होते, ते बंद पडता पडता राहिले. त्या तीन महिन्यांत मी छताकडे पाहून ठरवले की पुन्हा नाही. पोट म्हणजे काय पेटी आहे, दर वेळी झाकण उघडायला?

तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले, “ऑपरेशन. आणि या वेळी आत काय चिकटलेलं असेल ते उघडल्यावर कळेल. जिवाची हमी मी देत नाही.”

“आणि आपोआप होऊ दिलं तर?”

“तर टाका उसवेल आणि अर्ध्या तासात जाशील. तूही, मूलही.”

म्हणजे दोन्हीकडे मरण, फक्त त्यांच्या बाजूचे मरण जरा स्वच्छ. मी तडक मागच्या खोल्यांकडे गेले. बाई चहा पीत होत्या. मी म्हणाले, “बाई, मला कापून घ्यायचं नाही. माझी दोन पोरं लहान आहेत. मला तीन महिने आडवं पडून चालायचं नाही आणि मरून तर मुळीच चालायचं नाही. तुम्ही घरी या. तुम्ही सोडवा मला.”

बाईंनी बशीतला चहा संपवला. “ऑपरेशन झालेल्या बायका आपोआप सुटताना मी पाहिल्या आहेत,” त्या म्हणाल्या. “कुणी बैलगाडीतच, कुणी दवाखान्याच्या पायरीवर. डॉक्टर पोचायच्या आत.”

“मग झालं तर!”

“सगळ्या नाही सुटल्या.” आणि गप्प बसल्या.

पण मी आता जुनी बोहारीण नव्हते, दुकानदारीण होते. मी गप्प बसले नाही. तिथून जो सौदा सुरू झाला तो चार महिने चालला. मी म्हणे घरी, त्या म्हणत दवाखान्यात, ऑपरेशनची खोली दहा पावलांवर हवी. मी म्हणे डॉक्टरांनी माझ्या जवळ यायचे नाही. त्या म्हणत वॉर्डात नाही येणार, पण इमारतीत राहतील. मी म्हणे शेवटच्या दिवसापर्यंत दुकानात बसेन. त्या म्हणत शेवटचा महिना दवाखान्यासमोरच्या धर्मशाळेत राहायचे, पोरांना घेऊन राहा हवे तर. दर आठवड्याला त्या पोट तपासत आणि तपासता तपासता आम्ही एकेक कलम पुढे नेत असू. त्या मला ‘शेठाणी’ म्हणू लागल्या होत्या.

“काय शेठाणी, आज काय मागणी?”

“वेळ. कळा सुरू झाल्यापासून दिवस मावळेपर्यंत.”

“बारा वाजेपर्यंत.”

“बारा? अहो, बारापर्यंत तर म्हैससुद्धा वीत नाही!”

“म्हशीच्या पोटाला टाके नसतात. दोन.”

“पाच.”

“चार,” त्या म्हणाल्या.

“चार. आणि चारच्या आत मला कुणी टेबलावर घ्यायचं नाही. मी मरत असले तरी. कबूल?”

बाई गप्प बसल्या. खांद्यावरच्या घड्याळाला किल्ली देत राहिल्या. मी वाट पाहिली, पुन्हा विचारले नाही. बाजारात भाव सांगितल्यावर समोरचा गप्प राहिला आणि उठून गेला नाही तर सौदा पक्का समजायचा, हे मी पंधरा वर्षे करत आले होते. मी पक्का समजले. खुशीत घरी गेले आणि यजमानांना सांगितले, “बाईंना मी चारवर आणलं.” ते म्हणाले, “शाबास.” त्यांना काही कळले नव्हते.

आणखी एक मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी पहिल्यांदा बोलले त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाई मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या होत्या. डॉक्टर ओरडले. बाई उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी पुस्तक उघडून वाचून दाखवले. बाई उभ्या राहिल्या. असे रोज, पाच-सहा दिवस. “साहेबे कंटाळीने हा पाडी,” जीवीबेन सांगे. म्हणजे साहेबांनी वैतागून होकार दिला. अट एकच, की काही वाईट झाले तर नोकरी बाईंची जाईल, नाव बाईंचे जाईल. म्हणजे चार महिने मी ज्या गोष्टीसाठी भांडत होते ती पहिल्याच आठवड्यात मिळालेली होती. बाकीचा सगळा भाव मला दर आठवड्याला तपासणीला आणण्यासाठी होता. धर्मशाळेत आणण्यासाठी होता. माझ्यासारखीला नुसते ‘ये’ म्हटले असते तर मी आले नसते. भांडायला मात्र न चुकता येत होते. बाईंनी हे बरोबर हेरले होते. फसवणूक ती फसवणूकच.

ज्या दिवसाची वाट पाहिली तो उजाडला. पहाटे धर्मशाळेत कळा सुरू झाल्या, उजाडता उजाडता मी वॉर्डात पोचले. बाईंनी माझ्या पलंगाजवळ स्टूल ओढले, डावा हात माझ्या पोटावर ठेवला आणि तो दिवसभर तिथून हलवला नाही. बुटांचा करकर आवाज बंद झाला म्हणून इतर बाळंतिणी चौकशी करू लागल्या. दहाला म्हणाल्या, “छान.” बाराला म्हणाल्या, “डोकं खाली येतंय.” एक वाजता जीवीबेनने मला लिंबाचे पाणी पाजले आणि कानात म्हणाली, “थई जशे, बेन.” मलाही वाटले, होईल. इतका आनंद मला दुकानाच्या पहिल्या दिवशीही झाला नव्हता.

कळांच्या मध्ये बाई मला बोलती ठेवत. माझ्या दुकानाच्या गप्पा काढत. दारात टांगलेल्या मोठ्या पितळी हंड्यावर त्यांचा डोळा आहे असे त्यांनी जाहीर केले.

“एका लुगड्यावर देतेस का?”

“एका? तुमच्या सगळ्या पेटीवर नाही द्यायची.”

कळ आली. गेली.

“दीड लुगडं.”

“अर्धं लुगडं कुठे ठेवू मी? चार. जरीची.”

“नर्सकडे जरीचं कुठून येणार?”

“मग तपेलीतच पाणी भरा. पाझर नाही हो तिला!”

वॉर्डभर हसू झाले. मला वाटत होते बाई मला रमवत आहेत.

दोनच्या सुमाराला काहीतरी वेगळे झाले. कळ येई आणि जाई, पण ओटीपोटात, जुन्या टाक्याच्या रेषेवर, एक दुखणे मागे राहू लागले. कळ गेली तरी ते जाईना. जळत्या काडीसारखे एका जागी. बाई दर वेळी विचारत, “मधल्या वेळात दुखतं का?” मी म्हणे, “नाही.” घड्याळ मला दिसत होते. चारला दोन तास होते, मग पावणेदोन. मी दात आवळून म्हणे, “नाही, अजिबात नाही.” हे मी पुढे तीन वर्षे कुणाला सांगितले नाही. यजमानांनाही नाही.

पावणेतीनला बाई सहज म्हणाल्या, “शेठाणी, हंडा दोन साध्या लुगड्यांवर देतेस?”

मी म्हणाले, “न्या.”

बाई उठल्या. स्टूल मागे पडले ते त्यांनी उचलले नाही. “जीवी, साहेबांना सांग. आत्ता.”

मी ओरडले, “चार! चार ठरलंय!”

“ठरलंय,” बाई म्हणाल्या आणि माझ्या हातांतल्या बांगड्या उतरवू लागल्या.

“मी कबूल नाही! बाई, तुम्ही शब्द दिलाय!”

“मी गप्प बसले होते. शब्द तू ऐकलास.”

क्लोरोफॉर्मचे फडके नाकावर येईपर्यंत मी त्यांना जे बोलले ते जीवीबेनने पुढे कित्येक वर्षे लोकांना मराठीतच म्हणून दाखवले, कारण गुजरातीत त्याला तोड नव्हती.

मुलगी झाली. जिवंत, रडकी, डोक्यावर दाट केस. मी जिवंत. तिसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आले. पहिल्यांदाच पलंगाच्या काठावर बसले. “टाका उसवायला लागला होता,” ते म्हणाले. “जे उरलं होतं ते कागदाइतकं पातळ. त्यातून पोरीचे केस दिसत होते मला. चारला नाही, सव्वातीनला तू गेली असतीस.” आणि मग त्यांच्या मूळ स्वभावावर येऊन म्हणाले, “म्हणून मी सांगत होतो.”

आता कुणीही म्हणेल, मग तक्रार कसली? बाईंनी दोन जीव वाचवले. मला ते कळत नाही असे नाही. मला सगळे कळते. पण कळले म्हणून राग जातो, असे ज्यांना वाटते त्यांनी कधी मनापासून काही मागितलेले नसते. मला एकदाच, फक्त एकदा, माझ्या अंगाने ते काम पुरे करायला हवे होते. डोके खाली आले होते. बाई स्वतः म्हणाल्या होत्या, ‘छान’. आणि माझेच माझ्यावर उलटवले कशाने, तर मी एकदा भाव केला नाही म्हणून! ज्या जिभेवर मी पोट भरले तीच जीभ त्यांनी नाडीसारखी तपासली. कुणी माझी पाटी उलथवली असती तर मी विसरले असते. हे विसरायला जमत नाही.

पुढचे पंधरा दिवस मी वॉर्डात होते, पण बाईंशी बोलले नाही. त्या ड्रेसिंग करायला येत, मी भिंतीकडे तोंड करी. एकदा जीवीबेन हळूच म्हणाली की एका बाईने अशीच गयावया केली होती, तेव्हा बाईंनी ‘अडधो कलाक वधारे’ दिला होता. अर्धा तास जास्त. कारेलीबागेकडची कुणी बाई. एवढे सांगून जीवीबेनने डोळे पुसले, पुढे काही सांगितले नाही. मी म्हणाले, “म्हणजे त्या बाईचा अर्धा तास माझ्या सव्वा तासातून वसूल केला.” जीवीबेन माझ्याकडे अशी पाहू लागली की मी पुन्हा भिंतीकडे तोंड केले.

घरी आल्यावर आठवड्याने जीवीबेन दुकानात आली. हातात दोन जुनी पांढरी लुगडी, धुऊन घडी केलेली. “बाईए हांडो मंगाव्यो छे.”

“कसला हंडा?”

“तमे बोल्यां हतां ने. बे लुगडां.”

मी लुगडी पाहिली. एकाला ठिगळ होते. त्या हंड्यावर मला गिऱ्हाईक लागलेले होते. मी बराच वेळ काहीच बोलले नाही. जीवीबेनही उठून गेली नाही. शेवटी हंडा खाली उतरवला. शब्द दिला होता ना! मी काही गप्प बसले नव्हते. माझ्या सगळ्या धंद्यातला तो सर्वांत तोट्याचा सौदा. पुढे जीवीबेनकडून कळले की तो वॉर्डाच्या दाराशी पिण्याच्या पाण्यासाठी ठेवला आहे. लोक त्यातले पाणी पिऊन बाईंना दुवा देत.

तीन वर्षे गेली. मुलगी धावू लागली. मी दर दोन-चार महिन्यांनी मनात एक वाक्य तयार करी, तासून ठेवी, आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागले की परत फिरे. मग कळले की बाईंची बदली सावली गावच्या दवाखान्यात झाली आहे, आठवड्यात जाणार. म्हटले, आता नाही तर कधीच नाही. यजमानांना सुट्टी होती त्या दुपारी दुकान त्यांच्या हवाली केले आणि गेले.

वॉर्डात गडबड होती. मंदा नावाची एक कारकुनाची बायको, विशीतली, पलंगाची कड धरून होती. दोन वर्षांपूर्वी पोट उघडून पहिले मूल झालेले. आता कळा. तिची सासू दाराशी रडत होती आणि नखे नुकतीच कापलेली असल्यामुळे हात लुगड्यात लपवत होती. बाईंनी मला पाहिले. तीन वर्षांत पहिल्यांदा. म्हणाल्या, “शेठाणी, बरं झालं. बस इथे. हिचा हात धर. मला हात धुवायचेत.”

माझे वाक्य तोंडात होते. पण ती पोर माझा हात धरून बसली. मग काय करणार? मी बसले. बाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून, कोपरांपर्यंत साबण लावत होत्या.

मंदाने विचारले, “मावशी, तुमचंपण ऑपरेशन झालं होतं?”

“तीनदा.”

“तिसऱ्यांदापण? मग बाईंनी तुमचं ऐकलं नाही?”

अशी संधी वकिलालासुद्धा मिळत नाही. मी वाक्य जुळवलेलेच होते. बाईंची पाठ हलत नव्हती, पाणी तेवढे वाहत होते.

“नाही ऐकलं,” मी म्हणाले. “मी खोटं बोलत होते. कळ गेल्यावर खाली दुखत होतं आणि मी नाही म्हणत होते.”

मंदा माझ्याकडे पाहत राहिली. “मग मी काय करू?”

“दुखेल ते सगळं सांग. लाजू नको, लपवू नको. आत्ता दुखतं का? मध्ये, कळ नसताना?”

तिने डोळे मिटून नीट शोधले. “नाही. कळेबरोबर येतं, कळेबरोबर जातं.”

“नक्की?”

“नक्की, मावशी. देवाशपथ.”

“शपथ नको. पुढची कळ गेली की पुन्हा सांग.”

असे दीडेक तास चालले. माझ्या हाताची हाडे तिने एकात एक केली. बाई आल्या, बसल्या, हात पोटावर ठेवला. मला त्यांनी उठ म्हटले नाही. मोठे डॉक्टर दोनदा दारातून पाहून गेले. आणि भर दुपारी, लख्ख उजेडात, त्या मुलीला मुलगा झाला. आपोआप. कुणी सुरी उचलली नाही. सासूने आधी देवाला, मग डॉक्टरांना हात जोडले. डॉक्टर म्हणाले, “मी सांगत होतोच.” मंदा हसत होती, रडत होती, आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, “झालं ना? झालं ना हो मावशी?” मी म्हणाले, “झालं.” मला तिचा इतका हेवा वाटला की मी उठून दाराशी गेले. तिला झाले. मला नाही. माझ्याहून ती काही जास्त चांगली बाई नव्हती.

बाई त्या आठवड्यात सावलीला गेल्या आणि तिथेच वारल्या. त्यांना मी पाहिले ते त्या दुपारी शेवटचे. मी वॉर्डाच्या दारात उभी होते. तीन वर्षांचे वाक्य अजून शिल्लक होते, निदान त्याचा पहिला शब्द तरी. बाई मंदाच्या पलंगावरून शेजारच्या पलंगाकडे वळल्या होत्या. तिथे एक नवीनच बाई आली होती, घाबरलेली. बाई वाकून तिच्या पोटावर हात ठेवत होत्या. पाठ माझ्याकडे होती, लुगड्यावर रक्ताचे डाग, आणि मान घामाने भिजलेली.

मी म्हणाले, “बाई—”

“शेठाणी,” त्या मागे न वळता म्हणाल्या, “दारात उभी राहू नकोस. उजेड अडतो.”

मी बाजूला झाले.